एक गलुंगान तरी तिथे राहून बघ

पत्र:

मावशी, माझं माहेर, सासर दोन्ही बडोद्याचं. मागच्या जूनपासून आम्ही बालीत आहोत, पण फोटोत दिसणाऱ्या समुद्रकाठच्या बालीत नाही. बेटाच्या पूर्वेला सिदमेन नावाचं खोरं आहे, सगळी भातशेती आणि समोर आगुंग पर्वत. नवरा इथल्या एका लहान हॉटेलचा कारभार बघतो, दोन वर्षांचा करार आहे. मुलगी चार वर्षांची. निघताना सगळे म्हणाले, काळजी कसली, तिथे सगळे आपलेच, हिंदूच. मीही तेच धरून आले. आठ महिन्यांत एक मैत्रीण झाली नाही. लोक हसतात, 'कुठे निघालीस?' एवढं विचारतात आणि पुढे जातात. दिवाळीला महिनाभर बडोद्याला येऊन गेले, तर परत यायला पाय निघेना. संक्रांतीला हळदीकुंकू केलं. पाच जणी आल्या आणि वाण घेऊन दहा मिनिटांत गेल्या. शेजारी कार्य होतं, आम्हाला बोलावलं आणि वेगळं खुर्च्यांवर बसवलं. मागच्या अंगणात डुक्कर कापत होते. मी मुलीला उचललं आणि तशीच घरी आले. घरमालकीणबाईंनी पलंग उत्तरेला डोकं येईल असा लावला होता, तो मी फिरवला, तेव्हापासून त्या खोलीत पाऊल ठेवत नाहीत. बान्जारवाले, म्हणजे वस्तीच्या पंचायतीचे लोक, दर महिन्याला पैसे मागतात. यंदा पाडव्याच्याच दिवशी त्यांची न्येपी, म्हणजे मौनाचा दिवस, आहे, घराबाहेर पडायचंच नाही म्हणे. मग गुढी कुठे उभारू? नवरा म्हणतो बेटाच्या दक्षिणेला चांगूला राहायला जाऊ, तिथे भारतीय कुटुंबं आहेत. त्याच्या ओळखीचा एक जण म्हणतो, माझ्या नावावर जमीन घ्या आणि घर बांधा. मला मात्र सगळं सोडून बडोद्याला यावंसं वाटतं. काय करू?

उत्तर:

अगं, तू माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची, म्हणून अगंतुगं करते. पत्र वाचून मला चांदीदासाचा पाऊस आठवला. तुझ्या खोऱ्यातून खाली उतरून पूर्वेकडे गेलं की किनाऱ्यावर लागतं ते चांदीदासा. विणकामाच्या अभ्यासासाठी मी तीन खेपांत मिळून वर्षभर तिथे राहिले आहे, तेव्हा तुला जे सांगणार आहे ते ऐकीव नाही.

आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहणार नाही. चांगूला जाऊ नकोस, बडोद्यालाही येऊ नकोस, निदान २७ जूनपर्यंत तरी. यंदा १७ जूनला बुधवारी गलुंगान, म्हणजे त्यांचा मोठा सण, आहे आणि २७ जूनला शनिवारी कुनिंगान, म्हणजे त्याची सांगता. त्यांचं हे पंचांग २१० दिवसांचं असतं, म्हणजे सात दिवसांचे तीस आठवडे. मागचं गलुंगान १९ नोव्हेंबरला झालं आणि तेव्हा तू इथे बडोद्याला होतीस. ज्या दिवसांत त्या गावाची दारं उघडी असतात, नेमके तेच तू पाहिलेले नाहीस. दिवाळी न बघता बडोद्याबद्दल मत बनवण्यासारखं झालं हे. एवढा एक फेरा पुरा होऊ दे, मग काय ते ठरव.

आता 'सगळे आपलेच' या वाक्याकडे येते. तुझं अर्धं दुःख त्या वाक्यातून आलं आहे. ते सांगणाऱ्यांचं मन चांगलं होतं, पण त्यांनी तुझ्या हातात चुकीचा नकाशा दिला. थायलंडला किंवा जपानला गेली असतीस तर पहिल्या दिवसापासून परकी म्हणून जपून वागली असतीस. बालीत तीर्थाला 'तीर्ता' म्हणतात, कपाळावर तांदळाचे दाणे लावतात, त्रिसंध्येत गायत्री म्हणतात, कुणी गेलं की सुतकासारखं अशौच पाळतात आणि विटाळाच्या दिवसांत देवळात जात नाहीत. हे बघून आपल्याला वाटतं, घरीच आलो. मग पुढचं सगळं आपल्यासारखं दिसेना झालं की वाटतं, हे चुकतायत, नाहीतर आपल्याला दूर ठेवतायत. दोन्ही खरं नाही. त्यांचा धर्म शतकानुशतकं त्यांच्याच मातीत वाढलेला आहे. पूर्वजांची पूजा, पर्वताकडची आणि समुद्राकडची दिशा, शेताचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळांची, म्हणजे सुबाकची, देवळं हे त्याचे खांब आहेत. आपण तिथे मूळ घरचे म्हणून गेलो तर आपल्याला खुर्चीच मिळते, पाहुण्याची. शिकायला आले म्हटलं की जमिनीवर बसायला जागा मिळते. मला हे कळायला चार महिने लागले.

कसे कळले ते सांगते. चांदीदासाला मी एका घराच्या आवारात भाड्याने राहत होते. जानेवारीचा पाऊस, कपडे वाळत नव्हते. फणसाच्या झाडापासून व्हरांड्याच्या खांबापर्यंत मी दोरी बांधली, चांगली उंच, म्हणजे कुणाच्या डोक्याला लागू नये. त्यावर साड्या, परकर, सगळं घातलं. दोरीखालून स्वयंपाकघराकडे वाट जात होती. घरमालकीणबाई, इबू म्हणायची मी त्यांना, बादली घेऊन त्या वाटेने निघायच्या, दोरीपाशी आल्या की चिखलात उतरून फणसाला वळसा घालून पलीकडे जायच्या. चार दिवस मी हे बघत होते. मला वाटलं, झाडांवरची कीड बघत असतील. माझ्याकडे बघून त्या हसायच्याही. पाचव्या दिवशी त्यांच्या आठ वर्षांच्या नातीने माझा पदर ओढला आणि वर बोट दाखवून म्हणाली, आजीला याच्या खालून जाता येत नाही. याच्या, म्हणजे परकराच्या. कमरेखालचं वस्त्र डोक्यावरून गेलेलं त्यांना चालत नाही. डोकं पवित्र, त्यातून त्या रोज देवाचं करणाऱ्या.

मला रडूच आलं. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आजीचं सोवळं उंच वळणीवर वाळायचं, काठीने घालायचं आणि काठीनेच काढायचं. आम्हा मुलांनी त्याला हात लावला तर काय व्हायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. म्हणजे ही गोष्ट समजायला मला भाषाही लागत नव्हती, फक्त आजी आठवायला हवी होती. मी दोरी मागच्या बाजूला नेली, समुद्राच्या दिशेला, कमरेइतक्या उंचीवर. दुसऱ्या दिवशी इबू सरळ वाटेने गेल्या. त्याबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र माझ्या उंबऱ्याशी एक चानांग, म्हणजे पानाफुलांचा नैवेद्य, ठेवलेलं दिसलं.

तुझ्या घरमालकीणबाईंचा अबोला हाच आहे. पाहुण्याला तोंडावर चूक दाखवून त्याला खाली बघायला लावण्यापेक्षा स्वतः चिखलात उतरणं त्यांना बरं वाटतं. आपण बडोद्याचे लोक तोंडावर बोलून मोकळे होतो, त्यामुळे कुणी बोललं नाही की राग धरला असं वाटतं. त्या वाट बघतायत. तुला कोण सांगेल याची, किंवा तू विचारशील याची.

विचारायचं तर भाषा हवी. आठ महिन्यांत तू भाषेबद्दल एक ओळ लिहिली नाहीस, म्हणून जरा कडक बोलते. इंग्रजीवर भागवू नकोस. बालीनीज नंतर शीक, कारण त्यात कुणाशी कोणत्या पायरीने बोलायचं याचे थर आहेत आणि नवखा माणूस घसरतो. आधी इंडोनेशियन घे. लिपी रोमन, क्रियापदाला काळ नाही, लिंगाचा गोंधळ नाही, आणि कितीतरी शब्द तुला ओळखीचे वाटतील. भाषा म्हणजे 'बाहासा', नवरा 'सुआमी', बायको 'इस्त्री', उपास 'पुआसा', साखरेला 'गुला', चेहऱ्याला 'मुका'. 'संसारा'चा तिथे 'संगसारा' झाला आणि त्याचा अर्थ हालअपेष्टा. बालीनीजमधलं 'सुक्स्मा', म्हणजे आभार, ते तर आपलं 'सूक्ष्म'च.

आणि 'कुठे निघालीस?' ही चौकशी नाही गं. 'माऊ के माना?' हा त्यांचा रामराम आहे. आपल्या पोळीत, म्हणजे गल्लीत, ओटल्यावर बसलेले काका विचारायचे ना, 'काय, कुठे दौरा?' आणि आपण म्हणायचो, 'हे काय, इथंच जरा.' तसंच 'जालान-जालान' म्हणायचं, म्हणजे सहज फिरायला, आणि थांबायचं. तू थांबत नसशील म्हणून ते पुढे जातात. आणखी एक शब्द लक्षात ठेव: 'बेलूम', म्हणजे 'अजून नाही'. दुसरं मूल झालं का, भाषा येते का, देऊळ पाहिलं का, काहीही विचारलं तरी कोरडं 'नाही' म्हणायचं नाही, 'बेलूम' म्हणायचं.

यात आपल्याला काही नवीन नाही, बरं का. सयाजीराव महाराज १८७५ मध्ये कवळाण्याहून दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसले तेव्हा बारा वर्षांचे होते. मराठीबरोबर गुजराती, उर्दू, इंग्रजी शिकले. आपली घरं त्या राज्याबरोबर इथे आली आणि मराठी न सोडता गुजराती झाली. नवरात्रात तू गरबा खेळलीस ना? गोलात कसं शिरायचं हे तुला कुणी कधी सांगितलं नसेल. पुढून घुसत नाहीत. बाहेर उभं राहून एक-दोन फेरे टाळी ऐकायची, पावलं बघायची, मग कुणाच्या तरी मागे जागा बघून शिरायचं. हे तुझ्या अंगात आहे.

मागे जागा बघायची ती कुठे? पानं लावायला बस. तुझ्या अंगणात रोज सकाळी जे ठेवतात ते चानांग सारी. नारळाचं कोवळं पान घेऊन लहान सुरीने कापायचं, दुमडायचं आणि बांबूच्या बारीक काडीने टाचायचं. ती काडी पाहिलीस की आपल्या पत्रावळीच्या चोया आठवतील. इबू चार काड्या ओठांत धरून बसायच्या आणि बघेपर्यंत चौकोनी द्रोण तयार व्हायचा. आत विड्याचं पान, चुना, सुपारी, म्हणजे सरळ विडाच. त्यावर फुलं दिशेप्रमाणे: पूर्वेला पांढरं, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला निळं किंवा हिरवं, मधोमध केवड्यासारख्या वासाच्या पानाचे बारीक तुकडे. माझा पहिला द्रोण एका बाजूने उघडाच राहिला आणि अंगठा कापला. इबूंनी तो द्रोण टाकला नाही, नीट करून इतरांच्या ताटात ठेवला. त्या दिवसापासून मी रोज तासभर त्यांच्याजवळ बसत असे. तिथे बायका बोलतात, सुनांच्या तक्रारी करतात, बाजारभाव काढतात. मैत्री त्या ताटाभोवती होते, वेळ ठरवून बोलावलेल्या चहाला होत नाही.

देवळासाठी, गावासाठी असं हातांनी काम करण्याला ते 'ङायाह' म्हणतात. शेजारच्या कार्याला बोलावलं की अहेराचं पाकीट तर नेच, पण कार्याच्या आदल्या दिवशी जाऊन विचार, मी काय करू? कमरेला सेलेंदांग, म्हणजे ओढणीसारखं वस्त्र, बांधून जा. भात वळायला देतील, पानं पुसायला देतील. ज्याने काम केलं त्याला खुर्ची देत नाहीत.

डुकराचं लिहिलंस तेव्हा तुझा चेहरा दिसला मला. मीही शाकाहारी. गलुंगानच्या आदल्या दिवशी घरोघरी डुकरं कापतात, हे आत्ताच सांगून ठेवते. त्यांच्या यज्ञात आणि त्यांच्या ताटात ते आहे, आणि तुला ते खावं लागणार नाही. आधीच मोकळेपणाने सांग की मांस, मासे आणि तेरासी चालत नाही. तेरासी, म्हणजे आंबवलेली कोळंबी, ती सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, असते आणि दिसत नाही. मुलीला घेऊन सकाळी जाऊ नकोस, दुपारनंतर जा. कॉफी घे, तांदळाची मिठाई घे. उठून निघून जाणं मात्र पुन्हा करू नकोस. जमलं तर त्या घरी एकदा जाऊन ये, हातात उकडीचे मोदक घेऊन. तांदळाची पिठी, नारळ आणि ताडगूळ तिथे कुठेही मिळतं, आणि त्यांच्या मिठाईतही असंच नारळ-गुळाचं सारण असतं, त्याला 'उन्ती' म्हणतात. मोदक फोडला की त्या हसतील. हळदीकुंकवात त्यांना कळलं नसेल की वाण घेतल्यावर काय द्यायचं आणि किती वेळ बसायचं. मोदकाचं तसं नाही.

बान्जारचे पैसे बिनतक्रार दे, पावती माग. बान्जार म्हणजे आपली पोळ समज. रात्री राखण त्यांची, आग लागली की लाकडी कुलकुल वाजवून माणसं जमवणार तेच, कुणी गेलं तर खांदा देणारे तेच.

जमिनीचं मात्र ऐक, आणि हा परिच्छेद नवऱ्याला वाचायला दे. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. दुसऱ्याच्या नावावर घेऊन आपण खरे मालक असल्याचा वेगळा कागद करायचा, हा प्रकार तिथे सर्रास चालतो. कोर्टात तो कागद टिकत नाही. ओळखीचा माणूस सज्जन असेलही, पण उद्या तो गेला तर त्याचे वारस आहेत, त्याचं कर्ज आहे, त्याची बायको आहे. घर भाड्यानेच घ्या. आणि तू नवऱ्याच्या परवान्यावर तिथे राहत असशील तर घरगुती डबे किंवा योगाचे वर्ग काढायचा मोह धरू नकोस, काम करायची परवानगी वेगळी लागते.

मुलगी लहान आहे म्हणून आणखी एक. बालीत २००८ पासून कुत्र्यांमध्ये रेबीज आहे आणि तिथे कुत्री मोकळी फिरतात. चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस. जवळच्या पुस्केस्मासमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, लस असते का हे आजच विचारून ठेव. देनपसारला आपल्या देशाचं वाणिज्य दूतावास आहे, तिथे तिघांची नावं नोंदव.

आता पाडवा. याबद्दल मला लिहावंसं वाटत होतं म्हणून मागे ठेवलं. यंदा १९ मार्च २०२६ ला गुढीपाडवा आणि न्येपी एकाच दिवशी आहेत, आणि त्यांचंही नवं वर्ष शके १९४८ च आहे. आकडा तोच! दरवर्षी दिवस जुळत नाही. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला झाली आणि आपला पाडवा ९ एप्रिलला, कारण त्यांचा आणि आपला अधिक महिना एकाच वेळी पडत नाही. तुझ्या दोन वर्षांत हा दिवस जुळून आला, हे मला तरी मोठं भाग्य वाटतं.

न्येपी सकाळी सहाला सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला संपते. आग आणि दिवा नाही, काम नाही, बाहेर जाणं नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद असतो, मोबाईलचं इंटरनेट बंद. पचालांग, म्हणजे गावचे राखणदार, गल्लीतून फिरतात आणि खिडकीतून उजेड दिसला तर येऊन सांगतात. आजारी माणूस आणि बाळंतीण यांना सूट असते. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोहच्या राक्षसमूर्तींची मिरवणूक निघते, भांडी बडवतात, मशाली लावतात. मुलीला ती नक्की दाखव, पण खांद्यावर घेऊन, गर्दीच्या कडेला उभी राहून.

मग गुढी? दारात नको, रस्त्याकडे तोंड करून नको. घराच्या आत, पूर्वेच्या खिडकीशी उभार. तांब्या, वस्त्र, साखरेची माळ, सगळं आदल्या दिवशी तयार ठेव. कडुनिंबाला बालीत 'इंतारान' म्हणतात. तुझ्या ओल्या खोऱ्यात नसेल तर किनाऱ्याकडून कुणाला आणायला सांग. निरांजन, उदबत्ती, घंटा त्या दिवशी नको, मनातल्या मनात पूजा कर. पुऱ्या आदल्या दिवशी तळून ठेव, श्रीखंडाला चूल लागतच नाही. आणि हे करायच्या आधी, चार दिवस आधी, घरमालकीणबाईंना विचार, की आमचंही नवीन वर्ष आहे, आत बांबू उभारला तर चालेल का? त्या काय म्हणतील ते मला इथे बसून सांगता येत नाही, पण त्यांच्या गलुंगानला दारोदार पेन्जोर उभारतात. उंच बांबू, टोक वाकलेलं, त्यावर नारळाची पानं, भाताच्या लोंब्या, फळं. बांबू दिसला की त्यांना तुझं म्हणणं लगेच समजेल. दुसऱ्या दिवशी, ङेम्बाक गनीला, लोक एकमेकांकडे जाऊन क्षमा मागतात. श्रीखंडाची वाटी त्या दिवशी ने.

त्या रात्री मुलीला घेऊन दार किंचित उघडून व्हरांड्यात बस, अगदी आवाज न करता. मी बसले होते. आख्ख्या बेटावर एक दिवा नव्हता. आधी बेडूक ऐकू आले, मग भातखाचरातलं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात उतरताना ऐकू आलं. ते पाणी रोजच वाहत होतं, मला तोवर कधी ऐकू आलं नव्हतं. इतक्या चांदण्या मी फक्त लहानपणी, दिवे गेल्यावर, आमच्या गच्चीवरून पाहिल्या होत्या.

पुढचं वेळापत्रक लिहून ठेव. ४ एप्रिलला सरस्वती, त्या दिवशी पुस्तकांची पूजा होते आणि ती उघडत नाहीत, तुझ्या लेकीची चित्रांची पुस्तकंही ताटात ठेव. १८ एप्रिलला तुम्पेक लांदेप, अगदी आपली खंडेनवमी, हत्यारांपासून स्कूटरपर्यंत सगळ्याला फुलं. नवऱ्याला आपली स्कूटर घेऊन जाऊ दे. २३ मे रोजी झाडांची पूजा. खोडावर हलकेच सुरी ठोकून झाडाला सांगतात, गलुंगान पंचवीस दिवसांवर आलं, भरपूर फळ दे, आणि त्याला लापशी देतात. मुलीला हे फार आवडेल. मग जून.

मधेच एखादा दिवस तेंगानानला जा, चांदीदासापासून अगदी जवळ आहे. तिथे गेरिंगसिंग विणतात, ताणा आणि बाणा दोन्ही आधी गाठी बांधून रंगवलेलं कापड. असं दुहेरी काम जगात मोजक्याच ठिकाणी टिकलं, जसं जपानमध्ये, तेंगानानला आणि आपल्या पाटणला, पटोळ्यात. पाटणचे साळवी मूळचे जालन्याकडचे, असं सांगतात. आपल्याकडचे पटोळे शतकांपूर्वी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून त्या बेटांवर जात आणि तिथले लोक ते देवकार्यासाठी जपून ठेवत. आईकडे लग्नातलं पटोळं असेल तर त्याचा फोटो घेऊन जा आणि विणणाऱ्या बाईला दाखव. मी दाखवला होता. तिने फोटोतल्या नक्षीवर बोट फिरवत गाठी मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि मग आत जाऊन आपलं कापड आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

नवऱ्याबद्दल दोन शब्द. त्याला दिवसभर माणसं भेटतात, तुला भेटत नाहीत. चांगूचा विचार त्याने तुझ्या काळजीपोटी काढला असेल, पण सिदमेनहून चांगूला रोज जाऊन-येऊन नोकरी करणं त्याला झेपणार नाही आणि तू तिथे चार भारतीय घरांत बसून बडोद्याचीच आठवण काढत राहशील. महिन्यातून एकदा दक्षिणेला जा, किराणा आण, मराठीत पोटभर बोल, रडायचं असेल तर रड आणि परत ये. त्याने आठवड्यातली एक दुपार मुलीला सांभाळावी, म्हणजे तू पानं लावायला बसू शकशील. हे त्याला माझं नाव घेऊन सांग. जूननंतरही जीव लागला नाही तर मला पुन्हा लिही. तेव्हा मी 'ये' म्हणेन, आणि कुणी त्याला हार म्हटलं तर त्याच्याशी मी बोलेन.

पलंगाचं शेवटी ठेवलं, कारण ते आजच करता येईल. त्यांच्यात डोकं 'काजा'ला, म्हणजे पर्वताकडे, नाहीतर 'कांगिन'ला, म्हणजे पूर्वेला. तुझ्या खोऱ्यात पर्वत उत्तरेला आहे. आपल्याकडे उत्तरेला डोकं चालत नाही, म्हणून तू पलंग फिरवलास आणि पाय आगुंगकडे गेले. त्या खोलीत येत नाहीत त्याचं कारण हे. पूर्व मात्र दोघींनाही चालते. त्यांना हाक मार, पलंगाचं एक टोक तू धर, एक त्यांना धरू दे आणि विचार, 'इबू, कांगिन?'